विश्लेषण : मणक्याला मार लागल्यानंतर पुन्हा चालता येते का? नवे उपचार नेमके कुठवर आले आहेत?

मेंदूत आणि पाठीत उपकरण बसवलेला एक माणूस कुबड्या घेऊन चालतो, जिना चढतो. पाठीवर बॅग, डोक्यावर हेडसेट. गेर्ट-यान ओस्काम या डच व्यक्तीचा हा व्हिडीओ मे २०२३ मध्ये जगभर पाहिला गेला. घरात कंबरेखाली लुळा पडलेला माणूस असेल तर असा व्हिडीओ कुणी ना कुणी फॉरवर्ड करतेच. त्यानंतर घरात एकच प्रश्न उरतो : आपल्या माणसाला हे जमेल का, आणि जमणार असेल तर जमीन विकायची का?

सातारा आणि सांगलीत हा प्रश्न दूरचा नाही. खंबाटकी घाटापासून साताऱ्यावरून कऱ्हाड, पेठ नाक्यापर्यंत पुणे-बंगळूरु महामार्ग धावतो. उसाच्या ट्रॉल्या, विहिरींची कामे, झाडावर किंवा स्लॅबवर चढून करायची मजुरी हे सगळे इथे रोजचे आहे. भारतात मणक्याच्या दुखापतींची दोन मोठी कारणे म्हणजे रस्ते अपघात आणि उंचावरून पडणे. दुखापत झालेला माणूस बहुतेक वेळा कमावता आणि तरुण असतो.

दुखापतीत नेमके तुटते काय?

मणके म्हणजे हाडे. त्यांच्या पोकळीतून मेंदूपासून खाली जाणारी जाड दोरी म्हणजे मेरुरज्जू. मोठ्या माणसात ती साधारण ४५ सेंटीमीटर लांब असते आणि कंबरेच्या वरच्या भागातच संपते. पायांना, लघवीला, शौचाला जाणारे सगळे आदेश तिच्यातून उतरतात आणि स्पर्शाची माहिती तिच्यातूनच वर जाते. हाड मोडले तर प्लेट-स्क्रूने बसवता येते. मेरुरज्जूतले तंतू मात्र तुटल्यावर आपोआप जोडले जात नाहीत. 'ऑपरेशन यशस्वी झाले, मग पाय का हलत नाहीत?' असे नातेवाईक विचारतात. ऑपरेशनने हाडाला स्थैर्य दिलेले असते आणि दोरीवरचा दाब काढलेला असतो. तुटलेले तंतू जोडणारे ऑपरेशन अजून अस्तित्वात नाही.

बहुतेक दुखापतींत दोरी कापल्यासारखी दोन तुकडे होत नाही, ती चिरडली जाते. त्यामुळे कडेचे थोडे तंतू कधी कधी शाबूत राहतात. नव्या उपचारांची जवळजवळ सगळी आशा या उरलेल्या तंतूंवर आहे.

कागदावरचे एक अक्षर

डिस्चार्जच्या कागदावर 'एआयएस' किंवा 'आशिया स्केल' असे लिहून पुढे ए, बी, सी, डी, ई यांपैकी एक अक्षर असते. ते नसेल तर डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे, कारण पुढचे बरेचसे त्यावर ठरते. 'ए' म्हणजे दुखापतीखाली, अगदी गुदद्वाराजवळही, संवेदना किंवा हालचाल नाही. ही पूर्ण दुखापत. 'बी'मध्ये संवेदना आहे, हालचाल नाही. 'सी' आणि 'डी'मध्ये कमी-अधिक हालचाल आहे. 'ई' म्हणजे तपासणीत दोष आढळत नाही.

चालण्याचा अंदाज बांधण्यासाठी युरोपातील संशोधकांनी ४९२ रुग्णांच्या नोंदींवरून एक सोपे सूत्र तयार केले. ते २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात फक्त पाच गोष्टी आहेत : वय ६५च्या आत आहे की पुढे, मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद, पोटरीची ताकद आणि या दोन पातळ्यांवर त्वचेला हलका स्पर्श कळतो का. पहिल्या १५ दिवसांत केलेल्या या तपासणीवरून वर्षभरानंतरच्या चालण्याचा बराच नेमका अंदाज येतो. त्याला महागडे मशीन लागत नाही, कापसाचा बोळा आणि तपासणाऱ्याचा हात पुरतो.

यात एक मेख आहे. अपूर्ण दुखापतीच्या अनेक रुग्णांत पहिल्या काही महिन्यांत आपोआप सुधारणा होते आणि वर्षभरानंतर तिचा वेग मंदावतो. त्यामुळे अपघातानंतर दुसऱ्या महिन्यात कुठलाही उपचार घेतला आणि सहाव्या महिन्यात पाय हलला, तर श्रेय उपचाराचे की शरीराचे हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. 'अमक्याला तिथे गुण आला' या वाक्यातली अडचण हीच आहे.

चाल मेंदूत असते की कंबरेत?

संशोधनाची सुरुवात मांजरांपासून झाली. मेरुरज्जू पूर्ण तोडलेल्या मांजरांना ट्रेडमिलवर धरून रोज चालवले तर काही आठवड्यांनी त्यांचे मागचे पाय पुन्हा पावले टाकू लागतात, हे कॅनडातील बार्बो आणि रॉसिन्योल यांनी १९८७ मध्ये दाखवले. म्हणजे पावलामागून पाऊल टाकण्याचा ताल मेरुरज्जूच्या खालच्या भागातच असतो. मेंदू सुरू कर, थांब, वळ एवढेच सांगतो.

मग माणसांनाही पट्ट्यांनी टांगून, वजन हलके करून ट्रेडमिलवर चालवण्याची लाट आली. हेच काम करणारे रोबोही आले. पण उत्तर अमेरिकेत १४६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले तेव्हा अनेकांचा हिरमोड झाला. एका गटाला टांगून ट्रेडमिलवर चालवले, दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ जमिनीवर, समांतर दांड्या आणि वॉकर धरून. १२ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. अपूर्ण दुखापतीचे रुग्ण दोन्हीकडे मोठ्या प्रमाणात चालू लागले.

गावात राहणाऱ्यासाठी ही बातमी खरे तर चांगली आहे. फायदा सरावाच्या वेळाने आणि सातत्याने होतो, यंत्राच्या किमतीने नाही. घराच्या पडवीत दोन लोखंडी पाइप समांतर बसवून, फिजिओथेरपिस्टने शिकवलेला सराव रोज केला तर तो त्याच तत्त्वावर चालतो. मात्र अंगात ताकद कुठे आहे, गुडघ्याला कॅलिपर लागेल का, हे आधी तपासलेले हवे.

पाठीत बसवायचा विजेचा पट्टा

आतापर्यंतचे सर्वात लक्षवेधी काम 'एपिड्युरल स्टिम्युलेशन'चे आहे. मेरुरज्जूच्या आवरणावर, कंबरेच्या वरच्या भागात, १६ इलेक्ट्रोड असलेली छोटी पट्टी बसवतात. पोटाच्या त्वचेखाली पेसमेकरसारखी बॅटरी असते. ही पट्टी मुळात जुनाट वेदना कमी करण्यासाठी बनवली होती.

ती नेमके काय करते, हे विहिरीवरच्या मोटरीवरून समजून घेता येते. मोटर चांगली आहे, वायरचे बरेच पदर तुटलेत, एखाद-दुसरा शाबूत आहे. दाब इतका कमी की स्टार्टर उचलतच नाही. पट्टीतला विजेचा प्रवाह पायाला थेट हलवण्यापेक्षा मेरुरज्जूतल्या त्या तालाच्या जाळ्याला 'जागे' ठेवतो. मग मेंदूकडून उरलेल्या तंतूंतून येणारा क्षीण आदेशही पुरतो.

अमेरिकेतील लुइव्हिल विद्यापीठाच्या सुझन हार्केमा आणि सहकाऱ्यांनी हे २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. त्यांचा पहिला रुग्ण रॉब समर्स हा बेसबॉल खेळाडू. २००६ मध्ये मोटारीने उडवल्यामुळे तो लुळा झाला होता. पट्टी सुरू असताना तो उभा राहू लागला आणि पाय स्वतःच्या इच्छेने हलवू लागला. २०१८ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांचे निष्कर्ष पाठोपाठ आले : लुइव्हिल, मेयो क्लिनिक आणि स्वित्झर्लंडमधील लोझान.

लुइव्हिलचा अहवाल बारकाईने वाचण्यासारखा आहे. चार रुग्ण होते. दोघांना फक्त संवेदना होती, दोघांना तीही नव्हती. चौघेही पट्टीच्या मदतीने उभे राहू लागले. जमिनीवर चालू लागले ते दोनच, ज्यांची संवेदना शिल्लक होती ते. त्यापैकी एकाला त्यासाठी ८५ आठवड्यांत २७८ सराव सत्रे लागली, दुसऱ्याला १५ आठवड्यांत ८१. एका रुग्णाचे सरावादरम्यान खुब्याचे हाड मोडले, कारण वर्षानुवर्षे वजन न पेललेली हाडे ठिसूळ होतात.

व्हिडीओत हे २७८ दिवस दिसत नाहीत. साताऱ्यातल्या रुग्णाला असा सराव पुण्यात करायचा झाला तर जाऊन-येऊन साधारण २२० किलोमीटर, म्हणजे २७८ फेऱ्यांचे ६१ हजार किलोमीटर होतात. पृथ्वीला दीड प्रदक्षिणा. सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी वेगळीच.

लोझानमधील ग्रेगवार कुर्तीन आणि जोसलीन ब्लॉक यांच्या गटाने पुढची पायरी गाठली. सतत एकसारखा प्रवाह देण्याऐवजी कोणत्या क्षणी कोणता स्नायू हवा, त्यानुसार वेगवेगळ्या इलेक्ट्रोडना ठेके दिले. २०२२ मध्ये त्यांनी पूर्ण दुखापतीच्या तीन रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपकरण जुळवल्यावर एका दिवसात तिघांनी पावले टाकली. पण पट्ट्यांनी वजन पेललेले असताना. नंतर सरावाने ते वॉकर घेऊन बाहेर चालू लागले, वॉकरवरचे बटण दाबून एकेक पाऊल टाकत. उपकरण बंद केले की चाल थांबते.

ओस्कामच्या व्हिडीओमागे काय आहे?

ओस्कामचा अपघात २०११चा, सायकलवरून पडल्याचा. तो लोझानच्या आधीच्या चाचणीत होताच, म्हणजे पट्टी त्याच्या पाठीत होती. पुढे त्याच्या कवटीत मेंदूच्या आवरणावर दोन उपकरणे बसवली. प्रत्येकात ६४ इलेक्ट्रोड. पाय हलवण्याचा विचार मनात आला की त्याचे संकेत हेडसेटमार्फत पाठीवरच्या बॅगेतल्या संगणकात जातात, तिथून पाठीतल्या पट्टीला. तुटलेल्या भागावरून बिनतारी पूल बांधल्यासारखे. सरावानंतर उपकरण बंद असतानाही तो कुबड्यांवर थोडे चालू लागला, हा खरा आश्चर्याचा भाग.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. त्याची दुखापत अपूर्ण होती. हा अहवाल एका माणसाचा आहे. आणि कवटीतले एक उपकरण काही महिन्यांनी संसर्गामुळे काढावे लागले.

याच प्रवाहातले पण शस्त्रक्रिया न लागणारे, त्वचेवरून वीज देणारे एक उपकरण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केले. ती बातमी 'लुळ्यांना वरदान' अशा थाटात फिरली. मंजुरी आहे ती मानेच्या दुखापतीत हाताची संवेदना आणि ताकद सुधारण्यासाठी. चालण्यासाठी नाही.

स्टेम सेल : सर्वाधिक पैसा इथेच जातो

विजेच्या पट्टीपर्यंत सामान्य रुग्ण पोहोचतच नाही, पण स्टेम सेलचे 'पॅकेज' त्याच्यापर्यंत स्वतःहून येते. कधी मोठ्या शहरातल्या क्लिनिकच्या जाहिरातीतून, कधी परदेशातल्या खासगी दवाखान्याच्या व्हिडीओतून. म्हणून इथे नियम स्पष्ट माहीत हवा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या ठरावीक आजारांतले प्रत्यारोपण, जे बोलीत 'बोन मॅरो ट्रान्सप्लांट' म्हणून ओळखले जाते. मणक्याच्या दुखापतीसह बाकी सर्व ठिकाणी त्यांचा वापर फक्त मंजूर संशोधन चाचणीत करता येतो. पैसे घेऊन उपचार म्हणून देणे या तत्त्वांत बसत नाही. आता दुखापतीच्या रुग्णाकडून काही लाख घेऊन पाठीत इंजेक्शन देणारा जे करतो, त्याला संशोधन म्हणता येत नाही आणि मान्य उपचारही म्हणता येत नाही.

खरे संशोधन वेगळ्या चालीने चालते. जपानच्या केओ विद्यापीठात प्रयोगशाळेत तयार केलेल्या 'आयपीएस' पेशी चार रुग्णांना दिल्या. पहिले प्रत्यारोपण डिसेंबर २०२१ मध्ये झाले, निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले. पेशी दिल्या त्या दुखापतीनंतर दोन ते चार आठवड्यांच्या आत. चौघांनाही गंभीर दुष्परिणाम झाला नाही. दोघांत ठळक सुधारणा दिसली, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहून चालण्याचा सराव करू लागला. उरलेल्या दोघांत तशी सुधारणा नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे आपोआप होणारी सुधारणा यातून वजा करता येत नाही. आणि चार वर्षांपूर्वी अपघात झालेल्या रुग्णाला हे निष्कर्ष लागूच होत नाहीत.

जपाननेच २०१८ मध्ये रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून केलेल्या एका उत्पादनाला अवघ्या १३ रुग्णांच्या माहितीवर सशर्त मंजुरी दिली होती. त्यावर जगभरातील शास्त्रज्ञांनी टीका केली. जपानमध्ये चालते म्हणून सिद्ध झाले, असा अर्थ काढता येत नाही.

रोबो सूट आणि बाकीचे

पायांना बांधायचे मोटारचे सांगाडे, म्हणजे एक्सोस्केलेटन, हे खरे तर उपचारापेक्षा साधन आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये पहिल्या सूटला घरगुती वापराची मंजुरी मिळाली. हातात कुबड्या धरण्याची ताकद लागते, वेग कमी असतो आणि आपल्या शेतवाटेवर तो चालत नाही. थोड्या थोड्या वेळासाठी कमी प्राणवायूची हवा देऊन नंतर चालण्याचा सराव घेण्याचाही एक प्रयोग आहे. अपूर्ण दुखापतीच्या १९ जणांवरील २०१४च्या अभ्यासात चालण्याचा दम वाढलेला दिसला. हे नियंत्रित यंत्रावर, डॉक्टरांसमोर करायचे काम आहे, श्वास रोखून घरी करायचा व्यायाम नव्हे.

चालण्याआधीचे प्रश्न

मणक्याच्या दुखापतीचा माणूस पाय हलत नाहीत म्हणून मरत नाही. तो बेडसोरच्या जखमेतून पसरलेल्या संसर्गाने किंवा लघवी साठून बिघडलेल्या मूत्रपिंडाने दगावतो. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९४४ पासून डॉ. लुडविग गुटमन यांनी रुग्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याचा आणि लघवीच्या काटेकोर निगेचा नियम केला. तोपर्यंत असे रुग्ण फार जगत नसत. मग त्यांनी रुग्णांना खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी १६ जणांच्या तिरंदाजीने सुरू झालेल्या त्या स्पर्धेचे पुढे पॅरालिम्पिक झाले.

त्याच पॅरालिम्पिकमध्ये भारताचे पहिले सुवर्णपदक सांगली जिल्ह्याच्या वाट्याला आले. वाळवा तालुक्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, मणक्याला इजा झाली, कंबरेखालचे शरीर लुळे पडले. पोहणे त्यांना सुचवले गेले ते उपचार म्हणून. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. २०१८ मध्ये पद्मश्री, २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन जीवनगौरव. लष्करात भरतीची मोठी परंपरा असलेल्या या दोन जिल्ह्यांतल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. नागरिकांसाठी मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, दिल्लीत इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर. ते उभारणारे मेजर एच. पी. एस. अहलुवालिया हेही १९६५च्याच युद्धात गोळी लागून व्हीलचेअरवर आलेले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट सर केले होते.

ऑपरेशन मिरजेत किंवा कऱ्हाडला होते. कऱ्हाडच्या कृष्णा विश्व विद्यापीठात फिजिओथेरपीचे महाविद्यालयही आहे. पण डिस्चार्जनंतर घरी काय करायचे, हे शिकून घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नये : दर दोन तासांनी कूस बदलणे, रोज आरशाने पाठ-माकड तपासणे, ठरावीक वेळी स्वच्छ नळीने लघवी काढणे, पायांचे सांधे आखडू न देणे. उद्या एखादा उपचार आलाच तर तो घ्यायला सांधे मोकळे, त्वचा धड आणि मूत्रपिंड शाबूत असलेला रुग्ण लागेल. बहुतेक चाचण्या उघड्या जखमा असलेल्यांना घेतच नाहीत. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्डही याच काळात काढावे, व्हीलचेअर आणि कॅलिपरच्या सरकारी योजनांसाठी ते लागते.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

कुणी नवा उपचार देऊ केला तर पहिला प्रश्न : ही चाचणी आहे की उपचार? चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत तिचा क्रमांक असतो. 'सीटीआरआय'ने सुरू होणारा तो क्रमांक संकेतस्थळावर टाकला की चाचणी कोण करते, कोणत्या रुग्णांवर, कुठे, हे मोबाइलवर कुणालाही पाहता येते. नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाच्या भाषेतले संमतीपत्र हवे. प्रायोगिक पेशींसाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात असतील तर तिथेच थांबावे.

दुसरा प्रश्न : आमच्या माणसाचे अक्षर कोणते, आणि याच अक्षराच्या, दुखापतीला इतकाच काळ झालेल्या किती जणांना दिले, त्यातले किती चालले? कशाच्या आधाराने, किती मीटर? व्हिडीओ नको, आकडा हवा. जुन्या दुखापतीत उभे राहण्याचा सराव सुरू करण्याआधी हाडांची घनता तपासावी का, हेही विचारावे.

आणि अपघाताच्या जागी असणाऱ्यांसाठी : माणसाला खांद्याला-पायाला धरून उचलून जीपमध्ये घालू नये. श्वास सुरू असेल आणि जागेवर आगीचा वा वाहनांचा धोका नसेल तर डोके-मान सरळ धरून ठेवावी, १०८ला फोन करावा. हलवणे भागच असेल तर तीन-चार जणांनी एकाच वेळी, अंग न पिळता, फळीवर किंवा दारावर घ्यावे. कडेचे ते थोडे शाबूत तंतू अनेकदा इथेच वाचतात किंवा जातात.